देखाव्यासाठीं बांधलेला रस्ता

रस्ता म्हटला कीं तो कोठून तरी कोठें तरी लवकर पोंचविणारा असावयाचा, अशी सर्वसामान्य समजूत आहे. शेतकऱ्याचा माल बाजारपेठेंत नेण्यासाठीं, सैन्याची ने-आण करण्यासाठीं, यात्रेकरूंना देवस्थानापर्यंत पोंचविण्यासाठीं रस्ते बांधले जातात. आणि त्यांवर होणारा खर्च योग्य कीं अयोग्य हें ठरवितांना किती अंतर वांचलें, किती वेळ वांचला, किती माल हलला, असा हिशेब मांडतां येतो. परंतु एखादा रस्ता मुद्दामच लांबच्या वळणानें नेलेला असेल, त्यावरून मालाची गाडी जाऊं द्यावयाची नाहीं असा नियम असेल, वेगानें मोटार हांकण्यास मनाई असेल, आणि प्रवाशानें मध्येंच थांबून दूरवरच्या डोंगरांकडे पाहत बसावें एवढ्यासाठींच तो बांधलेला असेल, तर त्याचा हिशेब कोणत्या वहींत मांडावयाचा? अशा रस्त्यासाठीं सार्वजनिक तिजोरींतून पैसा द्यावा काय? द्यावा तर कोणाच्या हितासाठीं? आणि ज्या खेड्यांमधून तो जावयाचा, तेथील माणसांचा त्यांत वांटा कोणता?

या प्रश्नांचें उत्तर शोधावयाचें तर अमेरिकेच्या पूर्व भागांतील ब्लू रिज पार्कवे या रस्त्याचा इतिहास फार उपयोगी पडतो. ॲपलेशियन पर्वताच्या पूर्वेकडील रांगेला ब्लू रिज, म्हणजे निळी डोंगररांग, असें नांव आहे. दाट झाडींतून उठणाऱ्या धुक्यासारख्या वाफेमुळें एकापाठीमागें एक डोंगर अधिकाधिक निळसर होत गेलेले दिसतात. पावसाळा संपल्यावर आंबोलीच्या किंवा महाबळेश्वराच्या कड्यावरून कोंकणाकडे पाहणाऱ्याला ज्या दृश्याची ओळख आहे, त्याचीच आठवण व्हावी असा हा देखावा आहे. या रांगेच्या माथ्यामाथ्यानें, व्हर्जिनिया राज्यांतील शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानापासून नॉर्थ कॅरोलिना राज्यांतील ग्रेट स्मोकी पर्वताच्या उद्यानापर्यंत, हा रस्ता ४६९ मैल, म्हणजे सुमारें ७५५ किलोमीटर, जातो. त्याचा सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून ६,०५३ फुटांवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही तो उंच आहे. एवढा मोठा रस्ता केवळ पाहण्यासाठीं बांधावा ही कल्पना श्रीमंत देशाची चैन वाटेल. पण तिचा जन्म श्रीमंतींत झालेला नाहीं. तो दारिद्र्यांत झालेला आहे.

१९३३ सालीं अमेरिकेंत मंदीनें कहर केला होता. काम करूं शकणाऱ्या दर चार माणसांपैकीं सुमारें एक माणूस बेकार होता. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारनें सार्वजनिक बांधकामावर पैसा खर्चून लोकांच्या हातांना काम देण्याचें धोरण स्वीकारलें होतें. शेनँडोआच्या डोंगरमाथ्यावर त्या वेळीं एक रम्य रस्ता तयार होत होता. तोच दक्षिणेकडे वाढवून दोन राष्ट्रीय उद्यानें जोडावीं, या सूचनेला व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांनीं पाठिंबा दिला आणि अध्यक्षांनीं तिला मान्यता दिली. डोंगराळ मुलखांतील गरीब शेतकऱ्यांना मजुरी मिळेल, पुढें प्रवासी येऊं लागले म्हणजे आसपासच्या गांवांना उदीम मिळेल, आणि राष्ट्राला एक सुंदर वस्तु लाभेल, असे तीन हेतु एकाच खर्चांत साधावयाचे होते. सार्वजनिक पैशाच्या मागणींत असे अनेक हेतु एकत्र गुंफलेले असले म्हणजे मागणी बळकट होते. परंतु पुढें त्या हेतूंचा एकमेकांशीं विरोध आला तर कोणता राखावयाचा आणि कोणता सोडावयाचा, हें बहुधा कोणी आधीं ठरवीत नाहीं. या रस्त्याच्या बाबतींतही तसेंच झालें.

पहिला वाद गरिबांचा नव्हता, तो शहरांचा होता. रस्त्याचा दक्षिणेकडील भाग कोणत्या राज्यांतून न्यावा, यावर टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना या दोन राज्यांत चांगलीच जुंपली. नॉर्थ कॅरोलिनांतील ॲशव्हिल या शहराची निकड विशेष होती. थंड हवेचें ठिकाण म्हणून प्रसिद्धि पावलेल्या या शहरानें भरभराटीच्या काळांत भरमसाट कर्ज काढून इमारती व रस्ते बांधले होते. १९३० च्या नोव्हेंबरांत तेथील मोठी पेढी बुडाली आणि शहर दिवाळखोरीच्या कांठावर आलें. तें कर्ज फेडण्यास त्या शहराला १९७६ साल उजाडावें लागलें. अशा शहराच्या व्यापाऱ्यांना मोटारींतून येणारा प्रवासी हाच तारणहार वाटला तर नवल नाहीं. मध्यवर्ती सरकारनें नेमलेल्या समितीनें टेनेसीलाही वांटा देणारा मार्ग सुचविला होता. परंतु अंतर्गत खात्याचे मंत्री हॅरल्ड इकीझ यांनीं १९३४ च्या नोव्हेंबरांत ती शिफारस बाजूस ठेवून नॉर्थ कॅरोलिनाच्या बाजूनें निकाल दिला. तेथील देखावा अधिक रम्य आहे हें एक कारण, आणि टेनेसी राज्याला धरणांच्या मोठ्या योजनेचा लाभ मिळतच आहे हें दुसरें. सौंदर्याचा निर्णयदेखील राजकारणाच्या तागडींत तोलला जातो तो असा.

११ सप्टेंबर १९३५ रोजीं दोन राज्यांच्या सीमेजवळ कामाला प्रत्यक्ष प्रारंभ झाला. रस्त्याची आंखणी स्टॅन्ली ॲबट या अवघी पंचविशी गांठलेल्या भूदृश्यरचनाकाराकडे सोंपविली गेली होती. त्याच्या कामाची पद्धति ध्यानांत घेण्यासारखी आहे. सामान्य अभियंता दोन ठिकाणें सरळ जोडावयास पाहतो. ॲबटनें मात्र प्रवाशाच्या डोळ्यांपुढें कोणत्या क्षणीं काय यावें याचा विचार केला. कांहीं अंतर दाट रानांतून, मग एकदम उघड्या माथ्यावर, मग उतारावरील शेताकडेनें, मग झऱ्याच्या कांठानें, अशी ती रचना आहे. डोंगर फोडून मोठी जखम करण्यापेक्षां बोगदा बरा, या विचारानें सारे मिळून सव्वीस बोगदे खणले गेले. कठडे व पुलांच्या कमानी दगडांत बांधल्या. ठिकठिकाणीं मोटार बाजूला लावून उभें राहण्यास जागा केल्या. व्यापारी वाहनांना रस्ता बंद, वेगाची मर्यादा तासाला पंचेचाळीस मैल, आणि जाहिरातीची एकही पाटी नाहीं, असे निर्बंध घातले. १९३६ च्या जूनमध्यें कायदा करून हा रस्ता राष्ट्रीय उद्यान खात्याच्या ताब्यांत देण्यांत आला. तात्पर्य, तो रस्ता म्हणून नव्हे तर लांबट आकाराचें उद्यान म्हणून जतन करावयाचा, हें तेव्हांच निश्चित झालें.

आतां ज्यांच्या जमिनीवर हें उद्यान पसरावयाचें होतें त्यांच्याकडे वळणें इष्ट आहे. बांधकामाचा खर्च मध्यवर्ती सरकारनें करावा आणि जमीन मिळवून देण्याचा भार त्या त्या राज्यानें उचलावा, अशी वांटणी ठरली. साध्या रस्त्याला लागते तेवढी पट्टी येथें पुरेशी नव्हती. देखावा राखावयाचा तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंची भूमि हातीं हवी. म्हणून दर मैलामागें सुमारें शंभर एकर जमीन मालकीहक्कानें घ्यावयाची आणि आणखी सुमारें पन्नास एकरांवर देखाव्याचा हक्क तेवढा घ्यावयाचा, असें प्रमाण धरण्यांत आलें. देखाव्याचा हक्क ही वस्तु त्या डोंगरांत पूर्वीं कोणी ऐकलेलीही नव्हती. जमीन शेतकऱ्याचीच राहावयाची, त्यानें ती कसावयाची, तिचा कर भरावयाचा. परंतु तिच्यावर नवें घर बांधावयाचें नाहीं, मोठीं झाडें तोडावयाचीं नाहींत, पाटी लावावयाची नाहीं. शेत माझें, पण तें कसें दिसावें हें ठरविणारा सरकारी अधिकारी, ही गोष्ट साध्या माणसाला कशी उमगावी? पुष्कळांनीं कागदावर सही केली आणि पुढें झाड तोडल्याबद्दल नोटीस आली तेव्हां आपण काय विकलें हें त्यांना कळलें. असल्या तंट्यांचा इतका त्रास झाला कीं खुद्द खात्यालाच ही पद्धति नकोशी झाली आणि शक्य तेथें जमीन पूर्ण विकत घेण्याकडे त्याचा कल वळला.

नॉर्थ कॅरोलिनाच्या कायद्यानें तर सरकारची वाट अधिकच सुकर केली होती. जमिनीचा नकाशा जिल्ह्याच्या न्यायालयांत दाखल झाला कीं मालकी राज्याकडे गेली. मोबदल्याची बोलणीं मागाहून. डोंगरांतला शेतकरी शहराच्या कचेरीकडे रोज थोडाच फिरकतो? शिवाय आणखी एक गोष्ट होती. आपल्याच शेतांतून गेलेल्या रस्त्यावर त्याला हव्या त्या ठिकाणीं चढतां येत नसे. गाडीवाटेनें रस्ता ओलांडावयाचा तर ठरवून दिलेल्या जागींच. माल घेऊन त्यावरून बाजाराला जाणें तर निषिद्धच. रस्त्याकडेला दुकान घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला सफरचंदें विकावीं, दोन खोल्या भाड्यानें द्याव्या, अशीं स्वप्नें ज्यांनीं पाहिलीं होतीं त्यांचा विरस झाला. ज्यांच्या नांवानें हा पैसा मंजूर झाला त्यांना खडी फोडण्याची मजुरी मिळाली, ती कुटुंबाला कठीण काळांत उपयोगी पडली, यांत शंका नाहीं. पण मजुरी संपल्यावर रस्ता त्यांच्या दारावरून जात असूनही त्यांच्या दाराशीं थांबत नव्हता.

याहून सूक्ष्म असा एक अन्याय आहे. व्हर्जिनियांत या रस्त्यावर मॅब्री यांची पाणचक्की म्हणून एक स्थळ आहे. तळ्याकांठची जुनी लाकडी चक्की, तिचें पाण्यांत पडलेलें प्रतिबिंब, हें चित्र लाखों प्रवाशांनीं टिपलें आहे. चक्की खरी आहे. एड मॅब्री नांवाच्या कष्टाळू कारागिरानें विसाव्या शतकाच्या आरंभीं ती उभारली आणि लोकांचें धान्य दळून, लांकूड कापून, लोहारकाम करून संसार केला. परंतु तो आणि त्याची पत्नी ज्या घरांत राहत तें फळ्यांचें नीटनेटकें दुमजली घर होतें. डोंगरांतील माणूस ओंडक्यांच्या खोपटांतच राहावयाचा, अशी शहरी प्रवाशाची कल्पना. तिला हें घर शोभेना. म्हणून तें पाडण्यांत आलें आणि पुढें तेथें दुसरीकडून आणलेलें ओंडक्यांचें घर उभें करण्यांत आलें. प्रवाशांसाठीं देखावा राखणें आणि प्रवाशांसाठीं देखावा रचणें, या दोहोंत फार थोडें अंतर आहे. त्या थोड्या अंतरांत खेड्यांतील माणसाची प्रगतिच पुसली जाते. तो जितका मागासलेला दिसेल तितका अधिक मनोहर ठरतो.

सर्वांनींच मुकाट्यानें मान तुकविली असें मात्र नाहीं. लिट्ल स्वित्झर्लंड नांवाच्या एका विश्रामस्थळाचे संस्थापक हेरियट क्लार्कसन हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. त्यांच्या कंपनीची जमीन रस्त्यांत गेली तेव्हां त्यांनीं भांडून लहान शेतकऱ्यांहून कितीतरी चढा मोबदला मिळविला, आणि विश्रामस्थळाला थेट रस्त्यावर येण्याची वाटही राखली. जी सवलत शेजारच्या शेतकऱ्याला नाकारली गेली ती न्यायाधीशाला मिळाली. दक्षिणेच्या टोकाला चेरोकी या मूळ रहिवाशांची भूमि होती. त्यांच्या सुपीक सोको खोऱ्यांतून रस्ता न्यावा, अशी योजना होती. डोंगराळ मुलखांत सपाट जमीन ती किती, आणि तीच देखाव्यासाठीं द्यावयाची! शिवाय ज्या रस्त्यावर दुकान घालतां येत नाहीं तो आम्हांला काय कामाचा, असा त्यांतील पुष्कळांचा सरळ सवाल होता. चेरोकी मंडळानें कित्येक वर्षें संमति दिली नाहीं. अखेर १९४० सालीं तडजोड झाली ती अशी: देखाव्याचा रस्ता खोरें सोडून वरच्या डोंगरसोंडेवरून न्यावयाचा, जमिनीचें मोल द्यावयाचें, आणि खोऱ्यांतून सर्वांना मोकळा असा दुसरा साधा रस्ता राज्यानें बांधून द्यावयाचा.

तिसरा झगडा सर्वांत दीर्घ ठरला. ग्रँडफादर या भव्य डोंगराचे मालक ह्यू मॉर्टन यांनीं, डोंगराच्या वरच्या अंगानें रस्ता खोदल्यास त्याचें रूप कायमचें बिघडेल असें सांगून, वर्षानुवर्षें विरोध केला. तो डोंगर ते स्वतःच प्रवाशांना पैसे घेऊन दाखवीत असत, हेंही विसरतां येत नाहीं. स्वार्थ आणि सौंदर्यदृष्टि यांचें गोत्र नेहमींच वेगळें नसतें. शेवटीं मधल्या उंचीवरून मार्ग ठरला आणि तेथें डोंगराला शक्य तितका कमी धक्का लावणारा लिन कोव्हचा पूल बांधण्यांत आला. १,२४३ फूट लांबीचा हा पूल कांक्रीटच्या १५३ तयार तुकड्यांचा आहे. खालून रस्ता करून डोंगर उकरावा लागूं नये म्हणून बांधून झालेल्या भागावर उभें राहूनच पुढचा तुकडा जोडीत नेला. या भागाच्या उद्घाटनाबरोबर ११ सप्टेंबर १९८७ रोजीं, म्हणजे आरंभापासून बरोब्बर बावन्न वर्षांनीं, सारा रस्ता पुरा झाला. आज अभियंत्यांच्या पाठ्यपुस्तकांत या पुलाचें कौतुक होतें. परंतु तो कोणाच्या बुद्धीमुळें झाला याबरोबरच कोणाच्या विरोधामुळें झाला, हेंही सांगितलें पाहिजे.

या तिन्ही प्रकरणांतून एकच गोष्ट ठळकपणें दिसते. रस्ता ज्याच्याशीं वाटाघाट करावी लागली त्याच्या जमिनींत अधिक चांगला झाला. चेरोकींनीं नकार दिला म्हणून खोरें वांचलें आणि डोंगरसोंडेवरून देखावाही अधिक विस्तृत दिसूं लागला. मॉर्टन अडून बसले म्हणून डोंगर वांचला. विरोध म्हणजे विकासाला अडथळा, असें मानण्याची प्रवृत्ति सर्वच देशांतील सरकारी खात्यांत असते. वस्तुतः जाणत्या विरोधकानें येथें सार्वजनिक कामाची किंमत वाढविली तशीच त्याची योग्यताही वाढविली. उणीव एवढीच राहिली कीं हें सामर्थ्य न्यायाधीश, धनिक मालक, किंवा स्वतःचें मंडळ असलेला समाज यांच्यापाशींच होतें. एकट्या शेतकऱ्यापाशीं तें नव्हतें.

मग हा खर्च फुकट गेला काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. प्रतिवर्षीं दीड कोटीच्या आसपास भेटी या रस्त्याला दिल्या जातात. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या व्यवस्थेंत सर्वांत अधिक गर्दीच्या स्थळांत त्याची गणना होते. हे प्रवासी जवळच्या गांवांत उतरतात, जेवतात, राहतात. राष्ट्रीय उद्यान खात्याच्या अंदाजाप्रमाणें अलीकडच्या वर्षांत त्यांचा हा खर्च एक अब्ज डॉलरांच्या वर गेला आहे. ॲशव्हिलच्या व्यापाऱ्यांची अपेक्षा कांहीं अंशीं तरी खरी ठरली. त्याहून मोठा लाभ पैशांत मोजतां येत नाहीं. या प्रदेशांतील अन्य रस्त्यांच्या कडांवर दुकानें, पाट्या, पेट्रोलचे पंप यांची रांग लागली असतां हे साडेचारशेंहून अधिक मैल मोकळे राहिले. जो निर्बंध शेतकऱ्याला जाचला त्याच निर्बंधानें सर्वांसाठीं डोंगर राखला. पुढें खात्यानें संपादन केलेल्या जमिनींपैकीं कित्येक शेतें व कुरणें शेजारच्या शेतकऱ्यांनाच पट्ट्यानें कसावयास दिलीं. गवत कापलें जावें, गुरें चरावीं, आणि प्रवाशाला जित्याजागत्या शेतीचें दर्शन घडावें, हा त्यांतील हेतु. हाच विचार आरंभीं झाला असता तर पुष्कळ कटुता टळली असती.

खर्चाच्या बाबतींत आणखी एक धडा आहे. रस्ता एकदां बांधला म्हणजे खर्च संपला, ही समजूत भाबडी आहे. १९५५ च्या सुमारास या रस्त्यावर पथकर बसविण्याचा विचार निघाला. नॉर्थ कॅरोलिनानें कडाडून विरोध केला आणि तो विचार सोडून द्यावा लागला. तेव्हांपासून तो सर्वांना विनामूल्य आहे. गरीब माणसालाही डोंगर पाहतां येतो ही त्याची शोभा. परंतु कठडे, बोगदे, पूल यांच्या दुरुस्तीचा पैसा दरवर्षीं सरकारकडेच मागावा लागतो, आणि तो कधींच पुरेसा मिळत नाहीं. राष्ट्रीय उद्यानांतील रेंगाळलेल्या दुरुस्त्यांसाठीं २०२० सालीं वेगळा कायदा करावा लागला. त्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्यें हेलेन या चक्रीवादळाच्या पावसानें नॉर्थ कॅरोलिनाच्या भागांत ठिकठिकाणीं दरडी कोसळल्या, रस्ता खचला, सारा मार्ग कांहीं काळ बंद करावा लागला. ज्या गांवांनीं आपला सर्व संसार प्रवाशाच्या भरंवशावर मांडला होता त्यांचा तो हंगाम बुडाला. ऐन शरदांत, झाडांचीं पानें तांबडींपिवळीं होण्याच्या दिवसांत, रस्ता बंद झाला! देखाव्यावर जगणाऱ्या गांवानें शेतभात, कारागिरी आणि लहानसहान उद्योग सोडूं नयेत, हें या प्रसंगानें शिकविलें.

एवढा प्रचंड खर्च न करतां हेंच कार्य साधण्याचे मार्गही पुढें निघाले. अमेरिकेनेंच १९९१ सालीं नव्या कायद्यान्वयें निराळी पद्धति सुरू केली. नवा रस्ता बांधावयाचा नाहीं. जे रस्ते आहेत त्यांपैकीं देखावा, निसर्ग, इतिहास, संस्कृति, पुराणवस्तु किंवा मनोरंजन यांपैकीं कोणत्या तरी दृष्टीनें श्रेष्ठ असतील ते निवडावयाचे, आणि स्थानिक लोकांनीं आंखलेल्या कामांना अनुदान द्यावयाचें. खर्चाचा पांचवा हिस्सा स्थानिकांनीं उभा करावा, बाकीचा मध्यवर्ती सरकारनें द्यावा, असा नियम होता. ही मदत २०१२ सालीं बंद पडली आणि २०१९ च्या कायद्यानें पुन्हां तिला चालना मिळाली. या चढउतारांवरून अशा निधीवर किती विसंबावें याचाही अंदाज येतो. नॉर्वे देशानें १९९० नंतरच्या दशकांत याच दिशेनें पाऊल टाकलें. तेथील सार्वजनिक रस्तेखात्यानें समुद्रखाड्या, कडे आणि पठारें यांवरून जाणारे अठरा जुने रस्ते निवडले. १९३६ सालीं खुला झालेला, अकरा तीव्र वळणांचा ट्रोलस्टिगेन घाट त्यांपैकींच एक. पैसा रस्ता रुंद करण्यावर न घालतां थांबण्याच्या जागा, स्वच्छतागृहें, पायवाटा आणि कड्यावरील सज्जे यांवर घातला गेला. ऑरलंड येथील स्टेगास्टाइन हा सज्जा खाडीच्या पाण्यावर सुमारें साडेसहाशें मीटर उंचीवर कड्याबाहेर झेपावला आहे. रस्ता तोच राहिला. गांवकऱ्याची गाडी आणि पाहुण्याची मोटार दोन्ही त्यावरून जातात. फरक एवढाच कीं पाहुणा आतां थोडा वेळ थांबतो.

महाराष्ट्रांत हा विषय परका नाहीं. रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या सागरी महामार्गाची कल्पना चार दशकांहून अधिक काळ लोकांच्या परिचयाची आहे. १९९७ सालीं सिंधुदुर्ग जिल्हा देशांतील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. कोंकणच्या किनाऱ्यावर खाड्या आहेत, दुर्ग आहेत, सुरूचीं बनें आणि माडापोफळींच्या वाड्या आहेत. पाहण्याजोगें जें असावें तें सर्व आहे. परंतु तेथें एकेका जमिनीच्या सातबाऱ्यावर दहा-पंधरा जणांचीं नांवें असतात, त्यांतील निम्मे मुंबईस राहतात, आणि प्रत्यक्ष कसणारा निराळाच असतो. अशा ठिकाणीं मोबदला कोणाच्या हातीं पडावयाचा, आणि उद्यां रस्त्याकडेला खानावळ घालावयाचा अधिकार गांवांतल्या माणसाला मिळावयाचा कीं बाहेरून येऊन जमीन विकत घेणाऱ्याला, हे प्रश्न पुलाच्या खांबांहून कमी महत्त्वाचे नाहींत. निर्बंध मुळींच न घातले तर किनारा पाट्यांनीं आणि इमारतींनीं झांकून जाईल आणि ज्यासाठीं पाहुणा यावयाचा तेंच उरणार नाहीं. निर्बंध घालून त्यांचा भार एकट्या वाडीवाल्यावर टाकला तर ब्लू रिजच्या शेतकऱ्याची कथा मराठींत पुन्हां लिहावी लागेल.

सार्वजनिक पैशानें देखाव्याचा रस्ता बांधण्यांत गैर कांहींच नाहीं. सर्वांनीं मिळून शाळा बांधावी, वाचनालय बांधावें, तसा डोंगर पाहण्याचा मार्गही बांधावा. ती समाजाच्या सुसंस्कृतपणाची खूणच होय. मात्र देखावा ही सरकारनें निर्माण केलेली वस्तु नव्हे. पिढ्यान् पिढ्या कोणी उतारावर बांध घातले, कोणी राई राखली, कोणी कुरण चारलें, तेव्हां तो देखावा झाला. त्याचें मोल देतांना फुटावर मोजलेल्या जमिनीची किंमत पुरत नाहीं. निर्बंधाचा अर्थ आधीं गांवाच्या भाषेंत समजावून सांगणें, वापराची वाट मोकळी ठेवणें, उत्पन्नाचा ठरलेला भाग त्याच गांवाच्या पाण्यावर व दुरुस्तीवर खर्चणें, आणि जो बोलूं शकत नाहीं त्याच्या वतीनें बोलणारा कोणी आंखणीच्या वेळींच हजर असणें, या गोष्टी रस्त्याच्या खर्चांत पहिल्या दिवसापासून धरल्या पाहिजेत.

दुरून डोंगर साजरे, असें आपण सहज म्हणून जातों. प्रवाशापुरतें तें खरेंच आहे. साजरा डोंगर पाहून तो संध्याकाळीं आपल्या घरीं परततो. रस्त्याचा खरा हिशेब मात्र जो त्या डोंगरांतच दिवा लावून राहतो त्याच्या घरीं मांडावा लागतो, आणि तेथें तो जमला तरच बाकीचे आंकडे जमले असें म्हणतां येईल.